सुधारित चुलींमुळे जंगल वाचते का?

चंद्रपूरकर

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्रातील गावांमध्ये सुधारित चुलींवर पुन्हा सरकारी पैसा खर्च व्हावा, असे माझे ठाम मत आहे. २०१५ मध्ये राज्यात सुरू झालेल्या श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून आणि पुढच्या वर्षीच्या उज्ज्वला योजनेतून या गावांत गॅस पोहोचला, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु सिलिंडर संपतो तेव्हा तो भरून आणण्याइतकी रोकड मजुरीवर जगणाऱ्या घरात असतेच असे नाही, आणि मग घरची बाई मुकाट्याने चुलीकडे वळते. तीन दगडांच्या चुलीत लाकडातील उष्णतेपैकी जेमतेम १० ते १५ टक्के भांड्याला लागते. भारतीय मानक ब्युरोच्या निकषानुसार सुधारित चुलीत ती किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीत ३५ टक्के लागली पाहिजे.

गावालगतचे रान मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. वाळकी लाकडे संपली की मनगटाएवढी हिरवी रोपटी तोडून तिथेच वाळत टाकली जातात आणि आठवड्याभराने मोळीत बांधली जातात. पाहणाऱ्याला ते वाळके सरपणच दिसते, पण त्या जागी पुढच्या पिढीचे झाड उरलेले नसते. शिवाय मोळीची प्रत्येक खेप म्हणजे वाघाच्या वाटेवरची एक फेरी असते. त्या फेऱ्या निम्म्यावर आल्या तरी मला तो खर्च सार्थकी लागला असे वाटेल.

मेळघाटी

आपली कळकळ मान्य करूनही मी असहमत आहे. निर्धूर, म्हणजेच सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८०च्या दशकात सुरू झाला, २००२ पर्यंत चालला आणि त्यात देशभर ३ कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या. त्यांतल्या किती चुलींवर पुढे स्वयंपाक होत राहिला, हे कोणत्याही गावात जुन्या माणसांना विचारून पाहावे. ओडिशात रेमा हॅना, एस्थर डफ्लो आणि मायकल ग्रीनस्टोन या अर्थतज्ज्ञांनी अशा चुली दिलेल्या घरांचा चार वर्षे मागोवा घेतला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार पहिल्या वर्षी धूर कमी झाला, नंतर तो परिणाम ओसरला, आणि सरपणाच्या वापरात फरक पडलाच नाही. चुली प्रयोगशाळेत उत्तम चालत होत्या, पण घरात त्या फुटल्या, धुरांडी काजळीने भरली आणि दुरुस्तीला कोणी आले नाही.

दुसरे म्हणजे, जंगल विरळ होण्याचे खापर मोळीवालीच्या डोक्यावर फोडणे मला अन्यायाचे वाटते. खाणी, रस्ते, अतिक्रमणे आणि वणवे यांच्यापुढे तिच्या काटक्या किती? आणि चूल कितीही चांगली मिळाली, तरी मोहफुले व तेंदूपाने वेचायला तिला रानात जावेच लागणार आहे.

निखारा

आपण दोघेही चुलीबद्दल बोलत आहात, पण चुलीसमोर बसणारीची अडचण कोणी मांडलेली नाही, म्हणून लिहिते. माझ्या माहेरी पत्र्याची सुधारित चूल आली होती. तिचे तोंड इतके लहान होते की तीन हाती लाकूड आत जाईना. आधी कुऱ्हाडीने त्याच्या ढलप्या काढाव्या लागत, आणि ते काम आईच्याच वाट्याला आले. भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यांसमोर उभी केली की टम्म फुगते. त्या चुलीला पुढे निखारे ओढायला जागाच नव्हती. मातीच्या चुलीच्या वैलावर, म्हणजे बाजूच्या दुसऱ्या तोंडावर, डाळ शिजत राहायची, तीही सोय गेली. वर्षभरात ती चूल कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी गेली. आईचा हट्टीपणा म्हणून लोक हसले, पण ती चूल करणाऱ्याने तिला एकदाही काही विचारले नव्हते.

चंद्रपूरकर

निखाराताई, आपला अनुभव वाचून माझ्या मांडणीतली उणीव कळली आणि ती मी मान्य करतो. मात्र त्यावरून चूलच नको, असे ठरत नाही. तोंड मोठे, वैल असलेली आणि गावातल्याच एखाद्या बाईला लिंपता-डागडुजता येईल अशी मातीची चूल हवी, असे ठरते. आणखी एक गोष्ट आपण सगळेच विसरतो. थंडीत घरभराच्या आंघोळीचे पाणी तापवायला लाकूड भरपूर जाते, आणि त्यासाठी महागडा गॅस कोणी पेटवत नाही. तिथे काटकसरीचा बंब आणि शेतातल्या पऱ्हाट्या-तुराट्या कामी आल्या, तर रानातल्या रोपट्यांवरचा भार निश्चित हलका होईल. खाणींविषयी आपण म्हणता ते खरेच आहे, मेळघाटी. पण खाण बंद होईपर्यंत बाईने धुरात बसावे, हे मला पटत नाही.

मेळघाटी

बंबाचा मुद्दा मला पटला. धुरासाठी, बाईच्या कष्टासाठी चूल द्यावी, यालाही माझा विरोध नाही. माझा विरोध आहे तो तिच्या नावाने जंगल वाचवल्याचा हिशेब मांडण्याला. चूलप्रकल्पांतून विकल्या जाणाऱ्या कार्बन क्रेडिटची, म्हणजे कार्बन उत्सर्जन वाचवल्याच्या श्रेयाची, तपासणी करणारा एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तपासलेल्या प्रकल्पांत खऱ्या बचतीच्या सुमारे ९ पट श्रेय घेतले गेल्याचे त्यात आढळले. लाकूड वाचले असे म्हणायचे असेल, तर चूल बसवल्या दिवशी नव्हे, तिसऱ्या पावसाळ्यानंतर त्या घरातली मोळी काट्यावर ठेवून मोजावी, आणि ते वजन ग्रामसभेत वाचून दाखवावे. २००६च्या वनहक्क कायद्याने ज्या गावांना सामूहिक हक्क मिळाले आहेत, तिथे कोणते रान किती वर्षे मोळीसाठी बंद ठेवायचे, हे ग्रामसभाच ठरवू शकते. एवढी अट आपल्याला मान्य असेल, तर चुलीच्या खर्चाला मी हरकत घेणार नाही.