नव्वद दिवसांत पहिल्या क्रमांकाची हमी देणारा एसईओ करार: पुढे चालू ठेवावा का?

माडपोफळी:

नमस्कार. गोव्यात फोंडा तालुक्यात सावईवेरे येथे आमचे कुळागर, म्हणजे पोफळी-मसाल्यांची बाग, आहे आणि त्यातल्याच जुन्या घरात मी व माझे यजमान चार खोल्यांचा होमस्टे चालवतो. वेबसाइट तीन वर्षांपूर्वी भाच्याने करून दिली होती. साधीच होती, पण वर्षभरात पुरेसे पाहुणे तिच्यावरून येत असत. गेल्या चवथीनंतर एका एसईओ करणाऱ्या, म्हणजे गूगलच्या शोधात साइट वर आणून देणाऱ्या, एजन्सीशी आम्ही वर्षभराचा करार केला. दरमहा १२,००० रुपये, महिन्याला ५०० बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून आमच्या साइटकडे येणाऱ्या लिंक) आणि ९० दिवसांत गूगलवर पहिल्या क्रमांकाची लेखी हमी, असे त्याचे स्वरूप आहे.

डिसेंबरात फोन वाढले, हे मान्य केले पाहिजे. परंतु ते कसले फोन आहेत हे एका रात्री कळले. साडेनऊच्या सुमारास पुण्याहून आलेले एक कुटुंब अंगणात गाडीतून उतरले, मुलांच्या हातात वाळूत खेळायच्या बादल्या होत्या आणि गृहस्थांनी पहिला प्रश्न विचारला की समुद्र कोणत्या बाजूला आहे. आमच्या घरापासून बागा गाडीने तासाभराच्या वर आहे. त्यांनी मोबाइल पुढे केला तेव्हा आमच्याच वेबसाइटवरचे 'बागा बीचजवळचा शांत होमस्टे' हे पान मी आयुष्यात प्रथमच पाहिले. सकाळी शोधले तर अशी १४ पाने सापडली: कळंगुट, हणजूण, मोरजी, कोलवा, थेट पाळोळेपर्यंत. मजकूर सगळीकडे तोच, फक्त किनाऱ्याचे नाव बदललेले, आणि प्रत्येक पानावर 'समुद्राच्या गाजेने जाग येईल' हे वाक्य. आमच्याकडे जाग येते ती पाटाच्या पाण्याने. त्या कुटुंबाने एक रात्र राहून एक तारा दिला आणि लिहिले, 'जागा सुंदर, माणसे चांगली, पण फसवणूक.' त्यावर उत्तर काय देणार?

जानेवारीच्या अखेरीपासून सर्च कन्सोलमधला (साइट शोधात किती वेळा दिसली व उघडली हे दाखवणारे गूगलचे साधन) क्लिकचा आलेख सरळ खाली आला आहे. एजन्सीच्या गृहस्थांचे म्हणणे असे की सगळेच असे करतात, गूगलचे बदल अधूनमधून येतच असतात, आणि आता करार मोडला तर ते लिंक काढून घेतील व आम्ही होतो त्याहूनही खाली जाऊ. दर महिन्याच्या अहवालात मात्र ते आमचा पहिला क्रमांक दाखवतात. हे जे चालले आहे ते या धंद्यात खरोखर रीतीचे मानतात का, लिंक काढल्याने नुकसान होईल का, आणि बाहेर पडायचे तर कोणत्या क्रमाने, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

म्हापशेकर:

ताई, आधी तो पहिला क्रमांक कोणत्या शब्दांसाठी आहे ते पाहा. अहवालात 'हेरिटेज कुळागर होमस्टे सावईवेरे चार खोल्या' असा एखादा लांबलचक शब्दसमूह असेल, तर तो जगात कोणीही शोधत नाही आणि त्यावर तुमची साइट एसईओ न करताही पहिलीच आली असती. सर्च कन्सोलमध्ये तोच शब्दसमूह घालून महिन्याभरात तो किती वेळा दिसला हे तपासा. आकडा बहुधा एका हाताच्या बोटांवर मावेल. हमी पाळण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. गूगल आपल्या मार्गदर्शनात स्वतःच सांगते की पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, आणि चांगल्या कामाचे फळ दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष लागते.

आता त्या १४ पानांविषयी. यांना डोअरवे पाने म्हणतात, म्हणजे वेगवेगळ्या शोधांसाठी उभे केलेले दिखाऊ दरवाजे, जे सगळे एकाच खोलीत उघडतात. गूगलच्या स्पॅमविषयक धोरणात यांना नावानिशी मनाई आहे. २००६ च्या फेब्रुवारीत बीएमडब्ल्यू कंपनीची जर्मन साइट याच कारणावरून गूगलच्या शोधातून काढली गेली होती. 'जुन्या गाड्या' या शब्दांनी ठासून भरलेली पाने गूगलला दाखवायची आणि माणूस आला की त्याला लगेच दुसऱ्या पानावर ढकलायचे, असा तो प्रकार होता. ती पाने काढल्यावर ती कंपनी थोड्या दिवसांत परत आली; तिच्यावाचून गूगलचेच निकाल अपुरे वाटले असते. आपल्यावाचून कोणाचे काही अडत नाही.

लिंकचे गणित थोडे जुने आहे. १९९८ मध्ये गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्जी ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये मांडलेली पेजरँकची कल्पना अशी, की एका साइटने दुसरीकडे दिलेली लिंक म्हणजे एक मत आणि वजनदार साइटचे मत अधिक वजनदार. ज्या दिवशी मताला किंमत आली त्या दिवशी त्याचा बाजारही भरला. २०१२ च्या एप्रिलमध्ये गूगलने पेंग्विन नावाचा बदल आणून विकत घेतलेल्या लिंकवर बेतलेल्या साइट खाली ढकलायला सुरुवात केली. त्याच्या आदल्या वर्षी, २०११ च्या फेब्रुवारीत, अमेरिकेतल्या जेसी पेनी या मोठ्या दुकानसाखळीचे प्रकरण न्यूयॉर्क टाइम्सने उघड केले होते. विषयाशी काडीचाही संबंध नसलेल्या हजारो साइटवर तिच्या लिंक पेरलेल्या निघाल्या, आणि प्रवासी बॅगांच्या एका शोधात ती दोन तासांत पहिल्यावरून ७१ व्या स्थानावर गेली. कंपनीने आपल्याला काही माहीत नव्हते असे सांगून एसईओ संस्थेला काढून टाकले. तरी घसरली ती कंपनीचीच साइट. या सबंध व्यवहारात शिक्षा साइटच्या मालकाला होते आणि बिल दुसराच कोणीतरी लावतो, एवढे तुमच्या यजमानांनाही समजावून सांगा. नियम मोडल्यावरून गूगलने २०१२ च्या जानेवारीत स्वतःच्या क्रोम ब्राउझरचे पानही निदान ६० दिवसांसाठी खाली टाकले होते. पैसे देऊन लिहवून घेतलेल्या ब्लॉगांत 'ही मोजू नये' अशी खूण नसलेली एक साधी लिंक राहून गेली होती, एवढेच निमित्त.

क्रमाविषयी म्हणाल, तर भांडण शेवटी. आज रात्रीच सर्च कन्सोलच्या 'मॅन्युअल अ‍ॅक्शन्स' या विभागात काही सूचना आहे का ते पाहा. तिथे काही असेल तर गूगलच्या माणसाने केलेली कारवाई आहे, दोष दूर करून फेरविचाराचा अर्ज करता येतो. तिथे काही नसेल तर घसरण यंत्रणेच्या आपोआप केलेल्या मूल्यमापनातून आली आहे. तिथे अर्ज चालत नाही, साइट सुधारून वाट पाहावी लागते. दुसरे म्हणजे डोमेन, म्हणजे साइटचा नोंदवलेला पत्ता, कोणाच्या नावावर आहे ते तपासा. ते एजन्सीच्या नावावर असेल तर करार मोडण्याचा शब्दही काढण्यापूर्वी नोंदणीतले नाव व ईमेल स्वतःचे करून घ्या आणि हस्तांतरणाचा कोड मागून ठेवा.

मांडवीकाठ:

म्हापशेकरांशी बहुतेक सहमत आहे, पण चित्र थोडे अधिक काळे रंगवले गेले आहे असे मला वाटते. मी पणजीत हॉटेलांच्या ऑनलाइन बुकिंगचे काम पाहतो आणि विकतच्या लिंकवर वर्ष-दीड वर्ष सुखेनैव वर राहिलेल्या साइट माझ्या डोळ्यांसमोर आहेत. हे चालत नाही असे म्हणणे खरे नाही. प्रश्न आहे तो कोणाला परवडते याचा. हंगामापुरत्या भाड्याच्या गाड्या किंवा पार्ट्यांची तिकिटे विकणारा माणूस पाच डोमेन घेतो, एक जळाले की दुसरे पेटवतो. त्याच्या हिशेबात डोमेन हा मालाचा खर्च असतो. तुमचे डोमेन तुमच्या घराच्या नावाचे आहे. ते जळाले तर घराची पाटी बदलणार का?

दुसरी दुरुस्ती लिंकविषयी. २०१६ च्या सप्टेंबरपासून पेंग्विन गूगलच्या मुख्य यंत्रणेचाच भाग झाला, आणि तेव्हापासून रद्दी लिंककडे शिक्षा देण्याऐवजी दुर्लक्ष करण्याकडे त्याचा कल आहे. महिन्याला ५०० या हिशेबाने मिळणाऱ्या लिंक बहुधा बेवारस ब्लॉगांवरच्या आणि टिप्पण्यांतल्या असतात. त्यांचे वजन शून्य धरले जात असेल, तर त्या काढून घेण्याच्या धमकीलाही तेवढेच वजन. तेव्हा 'लिंक काढू' म्हणाल्यास त्यांना आनंदाने काढू द्या. सर्च कन्सोलच्या लिंक अहवालात मात्र एकदा पाहून घ्या. वेगवेगळ्या शेकडो साइटवरून एकच वाक्य, समजा 'गोव्यातील सर्वोत्तम होमस्टे', हुबेहूब येत असेल तर तो ठसा लपत नाही, कारण खुशीने लिहिणारी माणसे घराचे नाव लिहितात, गावाचे लिहितात, कोणी 'इथे' एवढ्याच शब्दावर लिंक देतो. २०१२ मध्ये आलेले डिसअवाऊ नावाचे साधन, म्हणजे अमुक लिंक आमच्या मानू नका असे गूगलला कळवण्याची सोय, मॅन्युअल अ‍ॅक्शन आलेली नसताना घाईने वापरू नका. चांगल्या लिंकही त्यात वाहून जातात.

माझ्या मते तुमची घसरण लिंकपेक्षा त्या पानांमुळे झाली असण्याचा संभव जास्त आहे. २०२४ च्या मार्चमध्ये गूगलने एकाच साच्यातून पाने पाडण्याविरुद्धचे धोरण अधिक कडक केले, मग ती यंत्राने लिहिलेली असोत की माणसाने. पैसे देऊन लिहवून घेतलेला लेख मात्र सरसकट वाईट नसतो. एखाद्या प्रवासलेखकाला तुम्ही फुकट राहायला बोलावले आणि त्याने तसे उघड सांगून लिंकवर 'स्पॉन्सर्ड' ही खूण लावली, जी २०१९ पासून उपलब्ध आहे, तर ते नियमांत बसते.

फोंड्याचा बाजार:

एक गोष्ट राहिली म्हणून लिहितो. हीच मंडळी पुढच्या महिन्यात पंचतारांकित अभिप्रायांचे पॅकेज घेऊन येतील, तेव्हा नाही म्हणा. बिलात सवलत किंवा फेणीची बाटली देऊन पाहुण्यांकडून पाच तारे घेणेही गूगल मॅप्सच्या नियमांत बसत नाही. अभिप्राय द्या एवढे सांगणे चालते. भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी २०२२ मध्ये आयएस १९०००:२०२२ हे मानकही काढले आहे. आणि गूगल मॅप्सवर दिसणाऱ्या तुमच्या बिझनेस प्रोफाइलमधले नाव बघा. तिथे घराच्या नावापुढे 'बागा बीचजवळ' असे शेपूट जोडलेले असेल तर ते आजच काढा, कारण तेवढ्यावरून प्रोफाइल निलंबित झालेले मी पाहिले आहे.

माडपोफळी:

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री यजमान आणि मी बसून सगळे पाहिले. मॅन्युअल अ‍ॅक्शन नाही. पहिला क्रमांक ज्या शब्दसमूहावर आहे तो गेल्या महिन्यात तीन वेळा दिसला, आणि त्यातल्या दोन खेपा आमच्याच घरातून शोधलेल्या असाव्यात असा मला दाट संशय आहे. प्रोफाइलमध्ये शेपूट होते, ते काढले. मुखपृष्ठाच्या तळाशी सहज माउसने ओढून निवडले तेव्हा पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत किनाऱ्यांच्या नावांचे चार परिच्छेद उजळून आले. यजमान म्हणाले, भिंतीला चुना लावून आत वाळवी ठेवली आहे. डोमेन सुदैवाने भाच्याच्या नावावरच आहे. एजन्सीचा पासवर्ड काढून घेतला असून महिनाअखेरीस करार संपवण्याचे पत्र देणार आहोत.

एकच शंका. भाचा म्हणतो की ती १४ पाने पुसू नयेत, सगळी मुखपृष्ठाकडे वळवावीत, म्हणजे त्यांच्यावरची मेहनत फुकट जाणार नाही. हे बरोबर का?

म्हापशेकर:

ती मेहनत फुकटच जायला हवी, ताई. पाने सरळ काढून टाका आणि सर्व्हरकडून ४०४ ('पान सापडत नाही') किंवा ४१० ('पान काढले आहे') हे उत्तर जाऊ द्या. जुने पान नव्या जागी हलवले असेल, आणि दोन्हींचा विषय एकच असेल, तेव्हाच वळवणे योग्य. बागा बीचचे पान मुखपृष्ठाकडे वळवले तर गूगल बहुधा ते पान नसल्यासारखेच धरते आणि आलेल्या माणसाची पुन्हा तीच फसगत होते. लपवलेले परिच्छेदही त्याच दिवशी काढा.

मोकळ्या झालेल्या जागी पाच-सहा खरी पाने पुरेत. सुपारी कधी उतरवतात, जायफळ कसे वाळवतात, पाटाचे पाणी कसे फिरवतात, पावसात खोल्या चालू असतात का, अनंताच्या देवळाला चालत किती वेळ लागतो, हे तुमच्याइतके नीट दुसरे कोणी लिहू शकणार नाही, आणि मसाल्याच्या बागांविषयी किंवा पक्ष्यांविषयी लिहिणारे अशाच पानाला आपणहून लिंक देतात. गावाचे नाव लोक रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे लिहितात. ते प्रकार मजकुरात सहज आले तर हरकत नाही, पण यादी करून ठासू नका. छायाचित्रे मोबाइलमधून जशीच्या तशी चढवली असतील तर लहान करा; मुख्य चित्र अडीच सेकंदांच्या आत दिसावे असा गूगलचा दंडक आहे आणि कुळागरांच्या भागात रेंज किती असते ते तुम्ही जाणताच.

आणखी एक पान 'आमच्याकडे कसे यावे' या नावाचे करा. पणजीहून, मोपा विमानतळावरून आणि मडगाव स्थानकावरून लागणारा वेळ त्यात द्या, फोंड्याहून बस असेल तर तिच्या वेळा द्या. त्या पानाची पहिलीच ओळ अशी असू द्या की समुद्र इथून लांब आहे आणि बागा बीचला जायचे तर गाडीने तासाहून अधिक वेळ लागतो. त्या पुण्याच्या गृहस्थांच्या अभिप्रायाखाली उत्तर म्हणून चूक कबूल करा, ती पाने काढल्याची तारीख लिहा आणि या पानाचा पत्ता द्या.