मदत हवी आहे: ब्रूअरीला (बिअरच्या कारखान्याला) मराठीत काय म्हणायचं?

नमस्कार मंडळी,

मी सांगलीचा. भाची हॉटेल मॅनेजमेंटला आहे, तिच्या प्रोजेक्टचं मराठी करून देतोय. त्यात 'ब्रासरी' हा शब्द आला. आमच्याकडे ब्रास म्हटलं की वाळू, १०० घनफूट. नाहीतर पितळ. मी बेधडक 'पितळी भांड्यांचं उपाहारगृह' असं लिहिलं. भाची दोन दिवस हसतेय.

मग शोधाशोध केली. फ्रेंचमध्ये 'ब्रासे' म्हणजे बिअर बनवणं. त्याच्या मुळाशी गॉल लोकांचा धान्याचा एक शब्द आहे, जो लॅटिनमध्ये गेला. म्हणजे ब्रासरी मुळात बिअरचा कारखानाच, खानावळ नंतर झाली. इंग्रजी 'ब्रू'चं मूळ उकळण्या-फसफसण्यात. 'ब्रॉथ' त्याचाच भाऊबंद. इथपर्यंत ठीक.

अडलंय पुढे. 'ब्रूअरी'ला काय लिहू?

'भट्टी' लिहिलं तर डोळ्यांपुढे हातभट्टी येते. गूळ, नवसागर, ओढ्याकाठी पोलिसांनी फोडलेली पिंपं. शिवाय तिथे वाफ धरून गार करतात. बिअरमध्ये ते नाहीच. सातूला मोड आणून वाळवायचे, भरडून गरम पाण्यात भिजवायचे, गाळलेलं पाणी हॉप्स (कडवट चवीची फुलं) घालून उकळायचं आणि गार झाल्यावर यीस्ट घालून आंबवायचं. संपलं.

'गुत्ता' तर विकायची जागा. कानडी 'गुत्तिगे' म्हणजे मक्ता, त्यातलाच तो (मराठवाड्यातले गुत्तेदार आठवा).

राहिली 'आसवनी'. साखर कारखान्यांच्या पाट्यांवर हा शब्द असतो, पण डिस्टिलरीसाठी, म्हणजे वाफ धरून दारू गाळायच्या कारखान्यासाठी. मला हेच खटकतं. आमच्या आजीच्या फडताळातलं द्राक्षासव नुसतं आंबवलेलं असायचं, त्याची वाफ कुणी धरत नव्हतं. आसव आंबवलेलं, मग आसवनी ऊर्ध्वपातनाची कशी झाली? खरं तर तो शब्द ब्रूअरीला शोभला असता. आता लिहिला तर परीक्षक चूक काढणार.

मी 'यवसुराशाळा' सुचवलं. भाची म्हणाली, "मामा, संगीत नाटकाचं नाव वाटतंय." इकडची माणसं सरळ 'बिअरची फॅक्टरी' म्हणतात, पण ते प्रोजेक्टात बरं दिसेल का?

या धंद्यात कुणी असेल तर सांगा, कामगार आपसांत काय म्हणतात? आणि 'आसवनी'चा अर्थ असा का सरकला, हे जाणकारांनी उलगडून सांगावं. शुक्रवारी प्रोजेक्ट द्यायचाय.