मदत हवी आहे: स्वयंपाकासाठी स्वस्त डिजिटल थर्मामीटर कोणता घ्यावा?

मंडळी, मी जळगावची. दही आणि शेव, दोन्हींसाठी सळईवाला डिजिटल थर्मामीटर हवाय, पाचशेच्या आत. विरजण लावताना दूध ४०-४५ अंश, तळणीचं तेल १७०-१८०. म्हणजे २०० च्या पुढे मोजणारा लागेल. सासूबाई तेलात पिठाचा कण टाकून सांगतात, आणि बरोबर सांगतात! मला आपला आकडा बरा. लांबून रोखायचं इन्फ्रारेड यंत्र नको, ते फक्त पृष्ठभागाचं तापमान दाखवतं.

वापरणाऱ्यांनी सांगा: आकडा स्थिरावायला किती वेळ लागतो? कढईच्या वाफेने डिस्प्ले आतून ओलसर होतो का? बर्फाच्या पाण्यात बुडवल्यावर शून्याच्या आसपास येतो का? बटन सेल जळगाव-भुसावळला सहज मिळणारा असेल तर उत्तम. सळई लांब हवी, हात भाजायला नको.