वृद्धाश्रमात मुलांचे नियमित उपक्रम कसे सुरू करावेत?

प्रश्न
आमच्या तालुक्याच्या गावी असलेल्या एका लहान वृद्धाश्रमाच्या समितीवर मी आहे. दरवर्षी १ ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनी, शाळा येतात, समूहगीत होते, फळवाटप होते, छायाचित्रे निघतात आणि मग वर्षभर कोणी फिरकत नाही. जवळच्या शाळेतील पाचवी-सहावीची मुले नियमित यावीत अशी इच्छा आहे. आमच्याकडे काहींना कमी ऐकू येते आणि दोघी-तिघींना स्मृतिभ्रंश आहे. सुरुवात कशाने करावी?

प्रतिसाद १
मुलांनी काही सादर करायचे आणि ज्येष्ठांनी टाळ्या वाजवायच्या, ही पद्धत आधी मोडावी आणि ज्यात ज्येष्ठांचा हात मुलांपेक्षा सराईत आहे असे काम निवडावे. व्यवसायोपचार, म्हणजे रोजच्या कामांतून उपचार, हे माझे क्षेत्र असल्याने मी फुलवाती सुचवेन. स्मृतिभ्रंशात सकाळचे जेवण आठवत नसले तरी हाताला जडलेली सवय बराच काळ टिकते. शेजारच्या मुलाचे नाव पुन्हापुन्हा विचारणाऱ्या आजी कापूस विंचरून, बोटाला दूध लावून वातीचे टोक असे पिळतात की ती सुटत नाही, आणि मुलाची मात्र दर वेळी उकलते. मग शिकवणे आपोआप सुरू होते. एका वेळी सहा-सातच मुले न्यावीत आणि एक मूल व एक ज्येष्ठ अशा जोड्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसवाव्यात, कारण पंख्याच्या घरघरीत आणि गलक्यात श्रवणयंत्राचा फारसा उपयोग होत नाही.

प्रतिसाद २
वरील मताशी सहमत आहे. अमेरिकेतील सिएटलच्या ‘प्रॉव्हिडन्स माउंट सेंट व्हिन्सेंट’ या वृद्धनिवासात १९९१ पासून बालसंगोपन केंद्र चालते, त्यामुळे लहान मुले आणि रहिवासी यांची गाठभेट आठवड्याचे पाच दिवस होऊ शकते. नेदरलँड्समधील डेव्हेंटर येथील ‘ह्युमॅनिटास’ या वृद्धनिवासात विद्यार्थ्यांना विनाभाडे खोली मिळते आणि त्याबदल्यात ते महिन्याला ३० तास रहिवाशांना ‘चांगला शेजार’ देतात. आपल्याकडे एवढी सोय कुठून येणार, हे खरेच. पण त्यांच्या इमारतींपेक्षा त्यांचे सातत्य पाहावे. आठवड्याचा ठरलेला वार आणि शक्यतो तीच मुले, एवढे तर कोणत्याही शाळेला जमेल.

प्रतिसाद ३
माझे वडील अशाच एका संस्थेत राहतात, म्हणून थोडे वेगळे सांगतो. त्यांना मुलांचा गोंगाट सोसत नाही, आणि ‘चला आजोबा, मुले आली’ म्हणून त्यांची चाकाची खुर्ची कोणी न विचारता दालनात ढकलत नेली की ते दिवसभर घुश्श्यात असतात. प्रत्येकाला आधी विचारावे आणि नकार मिळाला तर मनधरणी करू नये. छायाचित्रांचेही तेच: ज्यांना संमती देण्याइतके भान उरलेले नाही, त्यांचे चेहरे शाळेच्या फलकावर लावू नयेत. सर्दी-खोकला असलेल्या मुलाला त्या दिवशी घरीच ठेवावे. वार्षिक परीक्षा आणि उन्हाळी सुट्टीत हा क्रम तुटणारच. त्या काळात मुलांनी संस्थेतील आपापल्या जोडीच्या आजी-आजोबांना पोस्टकार्डे पाठवावीत, आणि खंड कधीपासून कधीपर्यंत आहे हे संस्थेतील दिनदर्शिकेवर ठळक लिहून ठेवावे, नाहीतर माणसे दर आठवड्याला दाराकडे डोळे लावून बसतात.