जुन्या भिंतीवर पुन्हा पूर्ण पुट्टी: गरज की सवय?

(रंगकामावर चौघांची चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर बोलणाऱ्याचं टोपणनाव आहे: खरडपट्टी, दोन हात, ओलभिंत, चौकट.)

खरडपट्टी

दिवाळी जवळ आली की रंगकामाची कोटेशनं येतात आणि पहिली ओळ ठरलेली असते: 'जुना रंग खरडून दोन हात पुट्टी, एक हात प्रायमर, दोन हात इमल्शन.' (हात म्हणजे थर, पुट्टी म्हणजे भिंत सपाट करणारा लेप, इमल्शन म्हणजे पाण्यातला भिंतीचा रंग.) बहुतेक वेळा ही ओळ भिंतीला हातही न लावता लिहिलेली. माझं मत: आधीचं इमल्शन घट्ट बसलेलं असेल तर पूर्ण पुट्टीत पैसे जातात आणि भिंतही बिघडते.

भिंत तपासायला दहा मिनिटं लागतात. ब्लेडने दोन-दोन मिलिमीटरवर सहा उभ्या आणि सहा आडव्या चिरा द्या, त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. चौकोन जागेवर राहिले तर पकड शाबूत. तळहाताला पांढरी भुकटी लागली तर रंग पिठाळलाय. ओलं फडकं एकाच जागी दहा-बारा वेळा घासून रंग त्यावर उतरला तर खाली डिस्टेंपर (पाण्याने सुटणारा स्वस्त रंग) किंवा चुना आहे. चौकोन उचकटले, भुकटी आली किंवा रंग उतरला, तर जरूर खरडा. नाहीतर १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, पुसा, प्रायमर मारा आणि पुढे चला.

नुकसान कसं होतं? पांढऱ्या सिमेंटची पुट्टी पाणी शोषणाऱ्या, ओलसर केलेल्या प्लास्टरसाठी बनवलेली असते. खरडूनही शिल्लक राहिलेल्या इमल्शनच्या गुळगुळीत पापुद्र्यावर तिला पकड नसते. वाळताना ती आकसते, खालच्या रंगाला ओढते, आणि वर्षा-दीड वर्षात तळहाताएवढे पोपडे सुटतात. त्या पोपड्याची मागची बाजू बघा, जुना रंग तिथे चिकटून आलेला दिसेल.

दोन हात

चाचण्या बरोबर आहेत, पण भिंत तुम्ही दिवसा बघताय. रात्री टॉर्च भिंतीला टेकवून तिरपा धरा, किंवा फॉल्स सीलिंगमधली एलईडीची पट्टी लावा. प्रत्येक खड्डा आणि जुन्या वायरिंगची बुजवलेली झिरी उठून दिसते. घरमालक तेव्हा 'पकड शाबूत आहे ना' असं म्हणत नाही, रंगाऱ्याला फोन करतो.

आणि ठिगळं लावून भागत नाही. पुट्टीचं ठिगळ रंग जास्त पितं, बाजूचा जुना रंग कमी पितो. दोन हात इमल्शन मारूनही ठिगळाचा चट्टा दिसतोच. एका भिंतीवर पंचवीस-तीस ठिकाणी पत्रा (पुट्टी लावायची पाती) फिरवायचा असेल तर पूर्ण भिंत ओढणं लवकर होतं. न खरडता पुट्टी ओढणाऱ्याची बाजू मात्र मीही घेणार नाही. ती चोरीच.

खरडपट्टी

ठिगळ प्रायमर न मारता रंगवलं तर दिसणारच. खिळ्याच्या भोकाला आणि बारीक भेगेला डब्यातली अ‍ॅक्रिलिक पुट्टी घ्या, सिमेंटची नको. भेग आधी पत्र्याच्या कोपऱ्याने व्ही आकारात उघडा, नाहीतर पुट्टी वरवर बसते आणि पहिल्याच उन्हाळ्यात तीच रेघ परत येते. ठिगळ भोकाएवढं ठेवू नका, चारी बाजूंना वीतभर पातळ करत न्या. १८० आणि मग २२० ने घासा. ठिगळावर प्रायमरचा एक हात, तो वाळला की सगळ्या भिंतीवर दुसरा. शोषण सारखं झालं की चट्टा राहत नाही.

आता हिशोब. १० बाय १२ची खोली, उंची १० फूट. भिंती ४४० चौरस फूट, छत १२०, दार-खिडकीचे ४० वजा करून ५२०. दोन हातांना किलोमागे साधारण १२ चौरस फूट धरले तर ४३ किलो पुट्टी. म्हणजे ४० किलोची अख्खी गोणी संपून दुसरी फोडायची. त्यातला बराचसा भाग घासून धूळ म्हणून पंख्यावर आणि कपाटात जातो.

ओलभिंत

तुम्ही दोघं पुट्टीवरून भांडताय, पण पोपडे मुख्यतः ओलीमुळे सुटतात. मुंबईत, कोकणात पाऊस सरतो न सरतो तोच दिवाळी दाराशी येते. पश्चिमेची भिंत चार महिने भिजलेली असते. वरून कोरडी लागते, आत नसते.

दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी टेपने भिंतीला बंद करा आणि २४ तास ठेवा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला दव धरलं तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला धरलं तर तो हवेतला दमटपणा. पहिल्या प्रकारात कोणताही रंग लावू नका. इमल्शन वाफ अडवतं आणि फोड येतात. पांढरा शोरा (भिंतीतून बाहेर आलेले क्षार) फुटला असेल तर पाण्याने धुऊ नका, क्षार विरघळून परत आत जातात. कोरड्या ब्रशने झाडा. आतून 'डँपप्रूफ'चा हात मारला तर ओल जात नाही, दोन फूट वर सरकते. बाहेरची भेग, गच्चीचा उतार, गळका पाइप आधी.

पीओपीच्या (प्लास्टर ऑफ पॅरिस, म्हणजे जिप्समच्या) भिंतीवर सिमेंटची पुट्टी तर मुळीच नको. ओल असेल तर जिप्सम आणि सिमेंटची प्रक्रिया होऊन थर फुगतो.

दोन हात

तत्त्वतः मान्य. पण लक्ष्मीपूजन आठ दिवसांवर असताना 'बाहेरची भेग आधी' म्हटलं तर माणूस दुसरा रंगारी बघतो. अशा वेळी तीन भिंती करून घ्या, चौथी फक्त खरडून मार्चपर्यंत उघडी ठेवा. कपाट पुढे सरकवून लपवू नका, मागे हवा लागत नाही.

चौकट

भिंतीवर एवढा खल, आणि दारं-चौकटींना 'ऑइल पेंट दोन हात' म्हणून मोकळे! पांढरा ऑइल पेंट उजेड कमी तिथे आधी पिवळा पडतो: दाराच्या मागे, कपाटाच्या आत. पाण्यातलं एनॅमल (लाकडा-लोखंडाचा टणक रंग, पण तेलाऐवजी पाण्यातला) पिवळं पडत नाही, वासही कमी. अडचण जुन्या ऑइल पेंटची. खाली काय आहे ते स्पिरिटमध्ये (अल्कोहोलचं, टर्पेंटाइन नव्हे) भिजवलेल्या कापसाने घासून बघा. रंग उतरला तर पाण्यातला, नाही उतरला तर बहुतेक ऑइल. ऑइलवर पाण्यातला थेट मारला तर नखाने सालीसारखा निघतो. चकाकी पूर्ण जाईपर्यंत २२० ने घासायचं, मग पकड देणारा प्रायमर, मग रंग.

घासताना एक गोष्ट पाळा. घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. पाण्याचा पॉलिश पेपर वापरून ओलं घासा, लहान मुलांना खोलीबाहेर ठेवा, राड पाण्यासकट पुसून घ्या. कोरडी धूळ झाडू नका.

दोन हात

पाण्यातलं एनॅमल दाराला मी सुचवत नाही. चौकटीच्या खाचेत दार आठवडाभर चिकटतं, जोरात उघडलं की रंगासकट सुटतं. ऑइल पेंट वाळायला वेळ घेतो म्हणूनच ब्रशच्या रेघा स्वतः बसतात. पाच टक्के टर्पेंटाइन, दोन हातांत रात्रभराचं अंतर, मधे ३२० चा हलका हात. मुख्य दाराला तोच टिकतो.

चौकट

चिकटतं कारण पहिल्याच रात्री दार लावून घेतात. २४ तास उघडं ठेवा, आणि आठवडाभर टेकणाऱ्या कडेला टाल्कम पावडरचं बोट फिरवा. मुख्य दाराचं मान्य, तिथे ऑइलच.

ओलभिंत

आधी चौकट की भिंत?

चौकट

चौकट. पण भिंतीचा रंग लागू नये म्हणून लावायची टेप तिच्यावर दोन दिवस वाळल्यावरच.

दोन हात

भिंत. रोलरचे शिंतोडे चौकटीवर पडतात, ते नंतरच्या हातात झाकले जातात. आणि कुठलंही आधी करा, टेप रंग ओला असतानाच ४५ अंशात ओढा. वाळल्यावर ओढली तर कडेची रेघ करवतीसारखी येते, मग तिच्यावर परत ब्रश आणि परत टेप.