गावात राहायला गेलात, तर हळू नेट सोसायचं की त्यासाठी भांडायचं?

मनीषनगर सोडलेला

मार्चात नागपुरातला मनीषनगरचा फ्लॅट भाड्यानं दिला आणि आम्ही दोघं कळमेश्वरच्या पुढं, सासऱ्यांच्या संत्र्याच्या बागेतल्या घरी राहायला आलो. माझं काम घरूनच चालतं, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा सपोर्ट. शहरात फायबर होतं, इथं सिमवाला राउटर. दुपारी ३ एमबीपीएस, रात्री नऊला ०.६ आणि पहाटे चारला चक्क ११. टॉवर एकच. संध्याकाळी चार गावं एकदम त्यावर बसतात, पहाटे मी एकटा.

माझं मत सरळ आहे. हळू नेट रडायची गोष्ट नाही, वेळ साधायची आहे. १ जीबीची फाइल दुपारी पाऊण तास खाते, तीच पहाटे बारा मिनिटांत उतरते. म्हणून अपडेट, बॅकअप, बायकोच्या मालिका, सगळं चारला लावून झोपायचं. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद, नुसत्या आवाजाला शंभरेक केबीपीएस पुरतात. फोनमधले फोटो आपोआप वर चढणं थांबवलं तेव्हा तर निम्मी कटकट गेली. येताना शांतता पाहिजे, मोकळी हवा पाहिजे, आणि आल्यावर टॉवरच्या नावानं बोटं मोडायची, हे मला पटत नाही. आपण होऊन आलो ना?

हिंगण्याहून परतलेला

आकडे सगळे उतरवायचे दिलेत. चढवायचे लपवलेत की काय?

आम्हीही हिंगण्याच्या पलीकडं चार महिने काढले. वर चढायला ०.४. ग्राहकाला दोनशे एमबीचं रेकॉर्डिंग पाठवायला तासाच्या वर लागायचं, आणि ते चढत असताना घरातला कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला की कॉल गेलाच. पहाटे चारची युक्ती ग्राहकाला कशी सांगणार? त्याला अकराला पाहिजे असतं. शेवटी मी रोज गाडी काढून मित्राच्या दुकानात येऊन बसायचो, सीताबर्डीला. पेट्रोलचा हिशेब मांडला आणि सामान परत बांधलं.

मनीषनगर सोडलेला

चढवायचे ०.५. लपवले नाहीत, लाज वाटली.

कुहीकडचा पोट्टा

वाचून रायलो मघापासून. भाऊ, तुमी ‘आपण होऊन आलो’ म्हणता. आमी कुठून होऊन आलो? आमी तं इथंच जन्मलो.

तुमचं पहाटे चारचं गणित तुमच्या पिक्चरले लागू. माह्या बहिणीचा फॉर्म होता, शेवटची तारीख. साइटचं पान उघडता उघडता ओटीपीचा टाइम संपे. पुन्हा नवा ओटीपी, पुन्हा तेच गोल फिरणं. सहाव्या खेपेले मी तिले गाडीवर बसवून उमरेडले नेलं, तिथं दुकानात दोन मिनिटांत काम झालं. पन्नास रुपये घेतले त्यानं. ई-पीक पाहणीचंबी तसंच, म्हंजे वावरात काय पेरलं ते मोबाइलवर नोंदवाचं. फोटो वावरातच उभं राहून काढा लागते, आन अपलोड करासाठी रेंज शोधत नाल्याच्या वरच्या पारावर जा लागते. तिथं मोबाइल वर धरून उभे सात-आठ लोकं दिसले तं समजा पाहणीची तारीख आली.

तुमी मुकाट सोसलं तं वरच्याले वाटते, गावात कोनाले काई पायजेच नाई. हे तुमचं शहाणपण आमाले भारी पडते.

शंकरनगर चौक

शेतात एक घर, त्याच्यासाठी कोणी दोन किलोमीटर केबल टाकावी? परवडणार कसं? शहरातल्या माणसानं त्याचे पैसे का भरावे?

टॉवरखालचा (उत्तर: शंकरनगर चौक)

भरतोच आहेस. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलाचे ५ टक्के गावापर्यंत सेवा नेण्याच्या निधीत जातात, आणि कंपन्या ते आपल्याच बिलातून काढतात. आधी त्याला यूएसओएफ (युनिव्हर्सल सर्व्हिस ऑब्लिगेशन फंड) म्हणायचे, २०२३ च्या दूरसंचार कायद्यानं डिजिटल भारत निधी नाव दिलं. गावोगावी फायबर नेणारं भारतनेट त्यातूनच. २०११ ला मंजूर झालेली योजना, तेव्हा नाव वेगळं होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित रूपासाठी १ लाख ३९ हजार कोटींच्या वर मंजुरी मिळाली. मूळ आखणी ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची. पंचायतीपासून तुझ्या ओसरीपर्यंत कोण आणणार, गाडी तिथं अडते.

आणि गावात हे होतच नाही असं कोणाला वाटत असेल, तर तेही खरं नाही. अमरावती रोडवरचं सातनवरी घ्या, आपल्याच जिल्ह्यातलं. २०२५ मध्ये देशातलं पहिलं स्मार्ट इंटेलिजेंट गाव म्हणून तिथं उद्घाटन झालं. एका गावात होतं तर शेजारच्या गावानं मागायला काय हरकत?

शंकरनगर चौक

एका गावात दाखवायला करणं निराळं, जिल्हाभर करणं निराळं. तुम्हीही जाणता.

टॉवरखालचा

जाणतो. म्हणूनच मागा म्हणतो.

बाकी धागा काढणाऱ्याला एक विचारायचंय, राउटर ठेवलाय कुठं?

मनीषनगर सोडलेला

पाण्याच्या टाकीवर, बांबूला बांधून. खाली ०.६ मिळायचे तेव्हा वर २ मिळतात. मे महिन्यात मात्र ४५ अंशांत तो दुपारी स्वतःच बंद पडायचा, हात लावला तर चटका. मग जुना माठ उपडा केला, बुडाला भोक पाडून वायर आत घेतली. माठाच्या सावलीत बरा चालला. पावसाळा लागला तसा पुन्हा मेला. कंपनीचा माणूस म्हणतो टॉवर ठीक आहे.

टॉवरखालचा

अहो, माठ! कोरडा माठ सावली देतो, भिजलेला माठ सिग्नल पितो. मातीत पाणी मुरलं की लहरी त्यातच जिरतात. संत्र्याची ओली पानंही तेच करतात, आणि तुमचा राउटर २३०० मेगाहर्ट्झवर असेल तर जास्तच. तो बँड, म्हणजे लहरींचा पट्टा, भरपूर माल वाहतो पण लांब जात नाही, झाडाला अडतो. ८५० किंवा ९०० चा दूर पोचतो, वाहतो थोडं. सेटिंगमध्ये बँड बदलून बघा. माठ काढा, पांढऱ्या प्लास्टिकचा डबा घ्या, खालून हवेला भोकं ठेवा. आणि अँटेना टॉवरकडं तोंड करून झाडांच्या वर काढा. तीनशे रुपयांचं काम आहे, त्यासाठी पहाटे चारचा अलार्म कशाला?

हिंगण्याहून परतलेला

आणि लाइट गेल्यावर? बागेतलं घर शेतीच्या फीडरवर, म्हणजे शेतपंपांच्या वीजवाहिनीवर असेल तर थोडेच तास वीज, तीही कधी दिवसा, कधी रात्री. मग कुठला बँड नि कुठला डबा.

मनीषनगर सोडलेला

इन्व्हर्टर आहे. पण टॉवरचीच बॅटरी उतरली की आपला इन्व्हर्टर शोभेला.

वकिलीच्या वाटेवर

सोसायचं की भांडायचं विचारलंय म्हणून सांगते. ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टानं डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. प्रकरण दिव्यांग आणि अ‍ॅसिड हल्ल्यातल्या पीडितांच्या केवायसीचं होतं, तरी निकालात ग्रामीण भागाचाही उल्लेख आहे. तेव्हा ‘गावात आलात तर गप्प बसा’ हा मुद्दा टिकत नाही.

कुहीकडचा पोट्टा

ताई, निकाल बेस आहे. पण त्याचं पानबी आमच्याकडं उघडत नाई.

मनीषनगर सोडलेला

डबा आणला, माठ काढला. ८५० वर टाकल्यापासून रात्री नऊला १.८ दिसतंय. टॉवरखालचे, आभार.

पोट्ट्याचं मात्र मनाला लागलं. फॉर्म, ओटीपी हे माझ्या डोक्यातच नव्हतं, कारण माझे फॉर्म भरून कधीच झालेत. माझ्यापुरतं मी अजूनही सोसणंच बरं म्हणेन, रोज भांडत बसायचा माझा पिंड नाही. पण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पंचायतीपासून वस्तीपर्यंत केबलचा विषय मांडावा म्हणतो.

कुहीकडचा पोट्टा

मांडा ना. पण ग्रामसभेत मत त्याचंच, ज्याचं नाव गावच्या मतदार यादीत हाये. तुमचं कुठं हाये?

मनीषनगर सोडलेला

मनीषनगरात.

कुहीकडचा पोट्टा

हाव ना. नाव इकडं आनाचा फॉर्म ऑनलाइनबी भरता येते. पहाटे चारले बसा.