मालवाहतूक समानीकरण विसरू नका

'बिहार मागे राहिला, कारण बिहारी माणसात उद्योजकताच नाही' असं कुणीतरी म्हटलंय, ते मला अजिबात पटत नाही. 1950 च्या दशकात केंद्राने मालवाहतूक समानीकरण आणलं, म्हणजे अंतर कितीही असो, पोलाद देशभर एकाच भावात. वडिलांचा भोसरीत लेथचा कारखाना होता. तेव्हा बिहारमध्ये असलेल्या जमशेदपूरहून आलेला पत्रा त्यांना तिथल्याच दराने पडायचा. मग खाणीशेजारी कारखाना कोण काढणार? आमच्याकडे बंदर, बाजारपेठ, एमआयडीसी सगळं होतंच. आणि कापसाला मात्र ही सवलत नव्हती! पश्चिम भारतातला कापूस बंगालच्या गिरण्यांना भाडं भरूनच घ्यावा लागे. हे धोरण 1990 च्या दशकात गेलं, पण तोवर कारखाने, कारागीर, सुटे भाग पुरवणारे इकडेच रुजले होते.